किल्ला राहिला, बूटही राहिले

तीर्थरूप देओलिंदाताईस,

लिस्बनहून धाकट्या झुल्मिराचा नमस्कार. तुझं कंबरेचं दुखणं कसं आहे? बोकडाने खाल्लेली कोबी परत लावलीस का? माझे गुडघे तसेच, कुरकुरतात आणि चालतात. (तू पाठवलेलं चीज पोचलं. निम्मं. उरलेलं तुझ्या धाकट्या दिरांनी बसमध्ये वाटलं.)

बेल्मिरोंना तू नुसतं शहर बघायला पाठवलंस, हे मला पटवायला जाऊ नकोस. विधुर दीर आणि विधवा बहीण, एवढं मलाही कळतं. मी मागेच लिहिलं होतं, आल्सिनो गेल्यावर मी एकटी राहायला शिकले, आता पुन्हा कुणाचे मोजे धुवायचे नाहीत. तरी पाहुणा दारात आला म्हटल्यावर किल्ला दाखवायला नेलं. आमच्या गल्लीतून किल्ला अगदी हाकेच्या अंतरावर. दिवसभर चाललो ताई, आणि किल्ला काही आला नाही.

कारण तुमच्या गावची रीत. रस्त्यात भेटेल त्याला टोपी काढून नमस्कार करायचा आणि घरची चौकशी करायची. इथे रस्त्यात अख्खं जग चालत असतं, आणि बेल्मिरोंनी एकालाही सोडलं नाही. चौकातल्या पोलिसाला मुलंबाळं विचारली. मासळीवालीच्या लेकीचं लग्न कुठे अडलंय तेही काढून घेतलं. (मी इतकी वर्षं तिच्याकडून सार्डिन घेते. तिला लेक आहे हे मला काल कळलं.)

कहर झाला तो कॅथेड्रलपाशी. दारात पर्यटकांची ही मोठी रांग. चर्चबाहेर एवढी माणसं तुमच्याकडे एकाच प्रसंगी जमतात. बेल्मिरोंनी टोपी छातीशी धरली, रांगेतल्या उन्हाने लालबुंद झालेल्या एका परदेशी माणसाचा हात हातात घेतला आणि घरच्यांना धीर द्या म्हणून सांगितलं. मी लांब उभी राहिले, आपण यांच्याबरोबरचे नव्हेच अशा चेहऱ्याने. त्या माणसाला काय समजलं देव जाणे, पण त्याने यांना मिठी मारली आणि बराच वेळ सोडलंच नाही. दोघांचे डोळे ओले झाले. मग माझेही. (ऊन फार होतं.)

पुढच्या चढावर ते लंगडायला लागले. पायरीवर बसवून बूट काढायला लावले, तर टाचा सोललेल्या. लाकडासारखे कडक काळे बूट. असले बूट घालून कुणी फिरायला येतं का, म्हणून मी चांगलंच तोंडसुख घेतलं. ते खाली बघत म्हणाले, "बायको गेली तेव्हा घेतले होते. त्यानंतर दुसऱ्यांच्या मयतीलाच घातले. म्हटलं, एकदा या बुटांनाही काहीतरी चांगलं बघू दे."

तिथूनच मागे फिरलो. घरी आणलं, कोमट पाण्यात पाय बुडवायला लावले, कोबीचं सूप केलं. आल्सिनोच्या सपाता पलंगाखाली होत्या. तो गेल्यापासून मी त्या हलवल्या नव्हत्या, केर काढतानाही झाडू त्यांच्या भोवतीने फिरवायची. काल वाकून बाहेर काढल्या. यांना बरोबर बसल्या. मला फार वाईट वाटेल असं वाटलं होतं ताई, तसं वाटलं नाही. आणि वाटलं नाही म्हणूनच थोडं रडू आलं.

संध्याकाळच्या बसला ते त्याच सपातांवर गेले, ड्रायव्हरच्या आईची तब्येत विचारत.

तेव्हा पुन्हा सांगते, असले पाहुणे धाडत जाऊ नकोस. माझं एकटीचं उत्तम चाललंय. जपून राहा, आणि बोकडाला बांधून ठेव.

तुझी,
झुल्मिरा

ता. क. त्यांचे बूट इथेच राहिले. पॉलिश करून, आत कागद कोंबून खिडकीत ठेवलेत. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाबरोबर पाठवणार नाही, चामडं नाजूक आहे. स्वतः येऊन न्यायला सांग. किल्लाही राहिलाच आहे.

आणखी एक ता. क. आज मासळीवालीने विचारलं, ते कुठे गेले. मी म्हटलं, येतील. सपाता परत करायलाच हव्यात असं त्यांना वाटत असेल, तर वाटू दे. मला त्या परत नकोत, पण हे त्यांना सांगू नकोस.