चिठ्ठीवर तिकीट मिळत नाही

माय, आज दुकान लवकर बंद केलं, पण घरात बसवत नाही. दुपारपासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय.

तुझे वडील गेले तो ऊसतोडीचा हंगाम आठवतो. कारखान्याच्या तळावर आपली पाचटाची कोपी होती. धारूरहून निरोप आला तेव्हा तू भाकरी थापत होतीस. हातातली भाकर तव्यावर टाकलीस, नीट भाजलीस आणि मग उठलीस. एसटीच्या तिकिटाला पैसे हवे होते आणि आपल्याकडे होत्या फक्त मुकादमानं मजुरीऐवजी दिलेल्या चिठ्ठ्या. त्या तळाजवळच्या एकाच किराणा दुकानात चालायच्या. तिथलं तेल महाग, पीठ किडकं, पण बाहेर त्या कागदाला कुणी विचारायचं नाही. तू दुकानदाराला म्हणालीस, "माल नको, गाडीभाड्यापुरते पैसे द्या. बाप गेलाय माझा." त्यानं मानही वर केली नाही. "चिठ्ठीवर माल मिळतो. पैसे मुकादमाला माग." आणि मुकादम गावाकडे गेलेला.

बाबा म्हणाले, "आता कशाला जातीस? तू पोचस्तवर समदं उरकंल."

"उरकू द्या. मला जायचं हाय."

मग तू परत दुकानात गेलीस आणि त्याच चिठ्ठ्यांवर तेल, चहापत्ती, साबण घेऊन आलीस. मला काही कळेना. माझा हात धरून तू गावातल्या पक्क्या घरांच्या गल्लीत शिरतेस, एकेका दारात उभी राहतेस. "बाई, घ्या की. नवं हाय, फोडलेलं न्हाई." एक बाई पुडा उलटसुलट करून बघते, चोरीचा आहे का विचारते. तू मानेनंच नाही म्हणतेस. निम्म्या भावात सगळं गेलं. आपण धारूरला पोचलो तेव्हा राखही सावडून झाली होती. तू आजीजवळ बसलीस, रडली नाहीस. मला तेव्हा तुझी भीती वाटली होती.

आता नेकनूरला स्टँडजवळ माझंच किराणा दुकान आहे. परवा ऊसतोडीचा एक मुकादम आला, चहा प्याला, गोड बोलला. "ताई, टोळी निघायच्या आधी समद्यांचा किराणा तुमच्याकडूनच. मी चिठ्ठ्या देतो. भाव जरा चढवून लावा, वरचं आपण वाटून घेऊ."

मी म्हटलं, "माझ्याकडं चिठ्ठी चालत न्हाई. त्यांच्या हातात पैसे द्या, मग येतील त्यांना यायचं तिथं."

तो हसत उठला आणि समोरच्या दुकानात गेला. आज दुपारी टोळीतली एक बाई माझ्याकडे आली. चहापत्तीचा भाव विचारला. "तुमच्याकडं स्वस्त हाय की," म्हणाली आणि चिठ्ठी पुढे केली. चालत नाही म्हणून मला सांगावं लागलं. ती चिठ्ठी घेऊन रस्ता ओलांडून समोर गेली. माझ्या नाही म्हणण्यानं तिला काय मिळालं, माय? महागच घ्यावं लागलं ना?

तू असतीस तर हे तोंडावर सांगवलं नसतं. संध्याकाळपर्यंत समोर गर्दी होती. मी दारात उभी राहून बघत होते, आणि ती गर्दी माझ्याकडे असती तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं.