सावलीतलं माप

खालची आळी, ता. श्रीवर्धन
९ मे २०२४

चि. श्रद्धा हिला अनेक आशीर्वाद.

मी आणि कमळकाकू ठीक आहोत. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. मास्तरकी केलेल्या माणसाला एक बरं असतं, लिहिताना मध्ये कुणी बोलत नाही.

आंबा यंदा बेताचाच. रातांबे मात्र उदंड, काकूने तुझ्यासाठी कोकमाच्या आगळाच्या चार बाटल्या भरून ठेवल्यात. तुमच्या वाडीतल्या सुपाऱ्यांचे शेंडे पिवळे पडलेत. खाडीकडची रांग गेल्यातच जमा आहे. सोनूबाई रोज झाडून जाते.

सोमवारी, २७ तारखेला, तहसील कचेरीत गोट्यांच्या खाणीची सुनावणी आहे. तीन वर्षांच्या मोजणीवर माझी सही हवी म्हणून खाणवाल्याचा माणूस दोनदा येऊन गेला. सही झाली की पाइप गुंडाळून नेणार. त्याच्या मते पाण्याची भरपाई पूर्ण झाली.

ठराव झाला तेव्हा तू पुण्यात होतीस, म्हणून पहिल्यापासून सांगतो. गोटे काढायला नदीकाठ खणला, खाली पाणी लागलं आणि तिथं तळं झालं. ते पाणी आपल्याच विहिरींचं, जमिनीखालून उघड्यावर आलेलं. ऊन त्यातलं रोज जेवढं उडवील, तेवढं खाणवाल्याने वरच्या बंधाऱ्यातून पाइपने आणायचं आणि आपल्या वाड्यांच्या माथ्यावरच्या चरात मुरवायचं, असं ठरलं. नाहीतर विहिरी खाली जातात आणि खाडी आत शिरते. ऊन किती पाणी उडवतं हे बघायला काहिलीएवढं पत्र्याचं भांडं दिलं. त्यातलं पाणी रोज किती उतरलं ते मी मोजायचं. गावात गणिताचा मास्तर मी एकटाच, मग दुसरं कोण करणार? छाती फुगली होती माझी, खोटं कशाला सांगू?

भांडं मी आमच्या वाडीत पोफळीखाली ठेवलं. उघड्यावर गुरं तोंड घालतील, कावळे आंघोळ करतील. आणि खरं सांगायचं तर वाडीतल्या माणसाचा हात पाण्याचं भांडं उन्हात ठेवतच नाही. कळशी सावलीत, घागर सावलीत, तसं हेही. त्या वेळी कुणालाच काही वाटलं नाही. रोज तीन मिलिमीटर उतरायचं. तीन वर्षं मी तीनच लिहिले.

गेल्या महिन्यात सोनूबाईने ते घासायला अंगणात ओढलं आणि भरून तिथंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर सात! मी तिच्यावर खेकसलो, भांडं फोडलंस म्हणून. ती म्हणाली, "भांडं कुठं गलत न्हाय वो मास्तर. उनानं पिलाय." मग मी दोन भांडी ठेवली, एक उन्हात, एक सावलीत. आठ दिवस बघितलं, उन्हात सात, सावलीत तीन. खाणीचं तळं काही पोफळीखाली नाही, श्रद्धा. जेवढं पाणी जमिनीत परत जायला हवं होतं, त्याच्या निम्मंसुद्धा गेलं नाही, आणि ते माझ्या आकड्यामुळे.

नवव्या दिवशी तुमच्या विहिरीवर जाऊन एक घोट घेतला. खारट. गिळवला नाही.

आमचा अण्णा, तुझे बाबा, शेवटची दोन वर्षं हेच सांगत होता. "देवा, पाणी बदललंय रे," मला म्हणायचा. रोज सकाळी काठावर उभा राहून चूळ भरायचा, तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. मी चारचौघांत म्हणालो, गोळ्यांनी अण्णाची जीभ गेलीय. डॉक्टरकडे नेलं तेव्हा अर्धी आळी हसत होती, मीही हसलो. तू म्हणालीस, "काका, एकदा घोट तर घ्या." मी म्हणालो, आकडा समोर असताना चव कशाला बघायची? त्यावर तू बॅग उचललीस. बरोबर केलंस.

हल्ली सकाळी मी भांड्याशी वाकलो की पलीकडून चूळ थुंकल्याचा आवाज येतो. पाणी दगडावर पडल्याचा. पहिल्यांदा वाटलं सोनूबाई असेल. ती आठनंतर येते. काकूला तो आवाज ऐकू येत नाही. मी आता कुंपणापर्यंत जात नाही, जावंसंही वाटत नाही, कारण तो तिथं असला तर मी काय बोलणार?

सही मी करणार नाही. सोमवारी उभा राहून सांगेन की माप चुकलं, चूक माझी, तीन वर्षांची तूट अजून भरायची आहे. माणसं काय म्हणतील ते म्हणोत. विहीर तुझ्या नावावर आहे, तू आलीस तर तुझ्या म्हणण्याला वजन येईल. आगरदांड्याहून सकाळच्या फेरीने दिघीला उतर, मी न्यायला येईन. नको असेन तर जीवनला रिक्षा घेऊन पाठवतो.

इथवर लिहून दोनदा पत्र बंद केलं होतं.

अण्णा गेला त्या सकाळी तू दिघीच्या धक्क्यावर होतीस. त्याने पाणी मागितलं. "तुझ्या विहिरीचं आण," म्हणाला. माझी विहीर चाळीस पावलांवर, वरच्या अंगाला, अजून गोड. मी गेलो नाही. त्याच्याच विहिरीचं चमच्यात घेतलं, वर तुळशीचं पान ठेवलं आणि म्हणालो, "गोड आहे रे, घे." मरणाऱ्या भावाशीही मला वाद जिंकायचा होता.

घरात पाऊल टाकताच तू विचारलंस, बाबांनी पाणी घेतलं का? मी हो म्हणालो.

घेतलं नाही, श्रद्धा. त्याने ओठ मिटले. सगळं हनुवटीवरून खाली गेलं.

काका म्हणून सही करायला हात धजत नाही.

तुझ्या बाबांना तहानलेलं पाठवणारा,
देवदत्त