दोन्ही बाजूंचा साक्षीदार

३ जानेवारी

ति. ताईस सा. न. वि. वि.

इकडे ठीक म्हणावं, तर आमच्या लेकीच्या, छकुलीच्या अंगावरचं पुरळ हटत नाही. ओढ्याचं पाणी विहिरीत झिरपतं. आज ते जांभळं होतं. आमच्या कारखान्यात कापडही आज जांभळंच रंगलं.

तू सभांमध्ये टेबल बडवलंस आणि सरकारनं मालकावर सार्वजनिक उपद्रवाचा दावा लावला, भरपाईही मागितली. आता सरकारी वकिलानं मला साक्षीला बोलावलंय, ओढ्याकाठचा रहिवासी म्हणून. मालकाच्या वकिलानंही बोलावलंय, सांडपाण्याचा व्हॉल्व्ह उघडणारा कामगार म्हणून. मग मी नक्की कोणाचा? भरपाई मला मिळणार, की माझ्याकडून घेणार? डोकं चालत नाही. भाषण नको, उत्तर धाड.

लोभ आहेच, थोडा वाढव.

तुझा गुंड्या

९ जानेवारी

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद.

उत्तरच धाडते, पण भाषणाची खोड एकदम कशी जाईल? हवा, पाणी, रस्ता कोणा एकाच्या मालकीचं नसतं. ते नासलं, तर सगळ्यांच्या वतीनं कोर्टात उभं राहायचा सरकारला अधिकार आहे. तो वापरला नाही, तर सरकार हवं कशाला? भरपाई तुझ्या हातात येणार नाही, तिच्यातून ओढा साफ होईल. तुझ्याकडूनही कोणी घेणार नाही. हुकूम मालकाचा होता, तेवढंच सांग.

नोकरीचं तू विचारलं नाहीस. बरं केलंस, मला काही सुचलं नसतं.

छकुलीला विहिरीचं पाणी उकळूनही देऊ नका. रागावलास तरी माया असू दे.

ताई

२ मार्च

ति. ताईस सा. न.

साक्ष झाली. व्हॉल्व्ह कोणाच्या हुकमानं उघडायचास, असं सरकारी वकिलानं विचारलं. मालक समोरच होते. छकुली तापानं फणफणली तेव्हा त्यांनीच गाडी पाठवली होती. यांच्याच हुकमानं, मी म्हणालो.

आज निकाल लागला. कारखाना बंद, सफाई मालकाच्या खर्चानं. ओढ्याकाठच्या लोकांनी मला खांद्यावर घेतलं. खाली उतरवलं, तर पुढ्यात माझ्याच पाळीचे सोबती. एकही बोलला नाही. घरी आलो तर ही विचारते, आपण जिंकलो का? काय सांगू तिला?

गुंड्या

८ मार्च

चि. गुंड्यास आशीर्वाद.

काल सभेत निकालावर टाळ्या पडल्या. मी उठले, आणि तुझ्या बायकोचा प्रश्न आडवा आला. दोन वाक्यं बोलून बसले.

सफाईच्या कामावर आधी कारखान्यातल्या कामगारांना घ्यावं, असा अर्ज मी सरकारकडे करते आहे. मानतील की नाही, कळत नाही. सोबत्यांची नावं धाड. जे बोलले नाहीत, त्यांची आधी.

ताई