अयलिन काटवटे पहिली आली त्याची हकिकत

लातूर,
ऑगस्टचा दुसरा मंगळवार

चिरंजीव राघवेंद्र यास थोरल्या भावाचे आशीर्वाद, एका पाकिटात दाबून बसवता येतील तितके.

आम्ही इकडे ठीक आहोत. माझा गुडघा पूर्वीसारखाच आहे, म्हणजे त्याच्या मनात असेल त्या दिवशी चालतो. तुझ्या वहिनीची साखर आटोक्यात आहे (ती मोजत नाही, म्हणून आटोक्यात आहे). तुझा रक्तदाब कसा आहे हे विचारणार होतो, पण परवाच्या फोनवरून अंदाज आला. अकरा मिनिटं तू एकटाच बोलत होतास. फोन माझ्या कानाला होता, स्पीकर बंद होता, तरी विमलनं स्वयंपाकघरातून विचारलं की भाऊजी कशावरून चिडलेत. तेव्हाच ओळखलं की फोनवर आपली बाजू मांडणं जमायचं नाही. पत्र लिहिणाऱ्याला मधे कोणी तोडत नाही. फार तर पत्र फाडता येतं, पण तू मास्तर माणूस, वाचल्याशिवाय कागद फाडायचा नाहीस.

पहिली गोष्ट, फ्लेक्स उतरवला. आता पाणी पी.

दुसरी गोष्ट. तुझी मुलगी क्लासच्या साप्ताहिक चाचणीत पहिली आली, चौकात तिचा वीस फुटी फोटो लागला आणि त्याखाली ‘अयलिन काटवटे’ असं नाव छापलं गेलं, यात माझा काही डाव नव्हता. तू म्हणालास, जे आडनाव मी सत्तावीस वर्षांपूर्वी गॅझेटात छापून सोडलं, ते दादानं माझ्या पोरीच्या गळ्यात अडकवलं. शिवाय रविवारी येऊन तू इराला हैदराबादच्या त्या वसतिगृहात नेऊन घालणार, जिथं महिन्यातून एकदा एक तास भेटू देतात आणि वह्यांची झडती घेतात, असंही म्हणालास. ते ऐकल्यापासून पोरगी जेवताना ताटाकडे बघत बसते. म्हणून सगळं सविस्तर लिहितो. शिक्षा सुनावण्याआधी निदान कैफियत तरी पूर्ण ऐक.

जूनमध्ये तू इराला आमच्याकडे ठेवून गेलास तेव्हा बजावलं होतंस की दादा, फक्त अभ्यास करते की नाही तेवढं बघ. मी बघितलं. पोरगी सकाळी सहाला मेडिकलच्या क्लासला जायची, दुपारी येऊन मान खाली घालून लिहीत बसायची. मी तुला फोनवर सांगायचो, लिहून राहिली आहे. हे शब्दशः खरं होतं. काय लिहून राहिली आहे हे तू विचारलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. जुलैत एक दिवस तिनंच वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, काका, तुम्ही तहसील कचेरीत एकतीस वर्षं लोकांची नावं लिहिली ना, मग मला एल्फांची आडनावं काढून द्या.

एल्फ म्हणजे काय ते तुला ठाऊक नसेल, मलाही नव्हतं. ही एक जमात आहे. कान टोकदार, उंची साडेसहा फूट, मुक्काम झाडावर, आयुष्य हजार वर्षं, नोकरी कसलीच नाही. (मी विचारलं, पेन्शन? तर म्हणे, काका, ते रिटायरच होत नाहीत. तेव्हा मला त्यांची कीव आली.) इरा आणि जिलानीची सदफ मिळून मोबाइलवर खेळायचा एक खेळ तयार करत आहेत. जिलानी तुला आठवत असेल, आपला जुना शेजारी, आधी पाट्या रंगवायचा, आता फ्लेक्स छापतो. सदफ चित्रं काढते, इरा गोष्ट लिहिते. एल्फांची पहिली नावं तयार होती, आडनावांपाशी गाडी अडली होती. इरानं काढलेली यादी मी वाचली. चंद्रपर्ण, रजतवन, तारकाकुंज. मी म्हटलं, बाळ, ही आडनावं नाहीत, ही सोसायट्यांची नावं आहेत. इथं फ्लॅट मिळतील, माणसं मिळायची नाहीत.

मग मी तिला सांगितलं की आडनाव कोणी हौसेनं घेत नाही (एक अपवाद सोडून, पण ते पुढं येईल). आडनाव शेजारी ठेवतात, आणि बहुतेक वेळा वैतागून ठेवतात. तेव्हा एल्फांच्या झाडाखाली जाऊन चौकशी करावी लागेल. मी जुन्या रजिस्टरसारखे रकाने आखले. मूळ झाड कोणतं, धंदा काय, आडनाव कोणी ठेवलं, कशावरून भांडण झालं. वय ८१२, व्यवसाय पहारा, असे दाखले भरू लागलो. पहाटेचं दव गोळा करणारे ते दवटिपे. पाऊल न वाजवता चालणारे ते निपावले. राजाच्या झाडाची पानं मोजायला नेमलेले ते पानमोजे, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला नेमलेले वडपांडे. जिलानी एका दुपारी चहाला आला होता, त्यानं यादी ऐकली आणि मान हलवली. म्हणाला, "भाऊ, हजार साल झाडावर राहून राहिले आन् त्यात एक बी अत्तार न्हाई? आसं गाव आसतंय का कुठं?" त्याचं म्हणणं रास्त होतं. रातराणीचा अर्क काढणाऱ्या अत्तारांचं घराणं त्याच दिवशी दाखल करून घेतलं. (सदफनं त्यांना सगळ्यात सुंदर कपडे दिले आहेत.)

एक पेच मात्र मला एकतीस वर्षांच्या नोकरीत कधी आला नव्हता. आपल्याकडे ज्याच्यावरून आडनाव पडतं तो पणजोबा मरून जातो आणि पुढचे मुकाट्यानं ते नाव लावतात. एल्फांमध्ये तो पणजोबा जिवंत असतो. एक जण राज्याभिषेकाला तीनशे वर्षं उशिरा पोचला म्हणून त्याच्या घराण्याला उशिरे म्हणतात, आणि तो म्हातारा अजून प्रत्येक लग्नात उठून सांगतो की मी वेळेवरच निघालो होतो. इरा यावर इतकी हसली की विमल धावत आली. रघू, पोरगी आमच्याकडे आल्यापासून हसलेली आम्ही प्रथमच ऐकत होतो.

आता काटवटे कुठून आले ते सांगतो. इराच्या गोष्टीत एक घराणं आहे, त्यांचं जंगल एका सकाळी नाहीसं होतं. तिनं विचारलं, काका, जंगलच राहिलं नाही, तर त्यांनी जंगलाचं नाव लावायचं की नाही? मी म्हटलं, हे तुझ्या बापाला विचार. ती म्हणाली, बाबा यावर बोलत नाहीत. मग मी बोललो.

तिला सांगितलं की आपण मूळचे काटवटे, भाकरीचं पीठ मळायच्या काटवटी कोरणाऱ्यांचे. तुला कॉलेजात नोकरी लागली, वर्गात पोरं हसायला लागली, म्हणून तू ब्याण्णव साली गॅझेटात देऊन गावाचं नाव घेतलंस आणि पळसोंडकर झालास. पुढच्याच वर्षी तीस सप्टेंबरला भूकंपात पळसोंड गेलं. नवं गाव रस्त्याकडेला वसवलं, त्याला आजही कोणी पळसोंड म्हणत नाही. औशाहून येणाऱ्या बसचा कंडक्टर "चला, पुनर्वसनवाले उतरा" असंच ओरडतो. आम्ही तुला इतकी वर्षं चिडवत आलो की रघूनं ज्या गावाचं नाव लावलं ते गावच पळून गेलं. मीच जास्त चिडवलं. ते चुकलं.

आणि एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, ती पोरीला सांगितली. तुझं गॅझेटचं कात्रण आलं तेव्हा दादासाहेब (म्हणजे आपले वडील, तुझ्यासमोर त्यांनी तोंड पाडलं होतं ते मला माहीत आहे) ते खिशात घालून गावभर फिरले होते. लिंबाजी न्हाव्याच्या दुकानात मी होतो. म्हणाले, "थोरल्यानं बापाचं नाव ठिवलं, धाकल्यानं आख्ख्या गावाचं लावलंय. हाय का कुनाचं आसं?" भूकंपानंतर ताडपत्रीखाली बसून गावातल्या गेलेल्यांची यादी मीच लिहिली. काटवटे आडनावाखाली त्यांचं नाव लिहिताना माझा हात थांबला नाही, पुढं दीडशे नावं होती. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तू त्या वेळी माझ्याशेजारी उभा होतास आणि एकच वाक्य बोललास, सकाळी काढलं तेव्हा श्वास होता, डॉक्टर दुपारी आला. घरात एक डॉक्टर हवा हा हट्ट तू तेव्हापासून धरला आहेस, हे मला कळतं. इराला कळत नव्हतं. तिला वाटायचं, बाबांना फ्लेक्स हवा आहे.

तर त्या घराण्याला तिनं काटवटे नाव दिलं. अयलिन ही त्यातली धाकटी मुलगी. तिचा बाप आणि काका, एकानं धंद्याचं नाव ठेवलं, एकानं जंगलाचं घेतलं यावरून सहाशे वर्षं एकमेकांना टोमणे मारत आहेत. (हे तिला कुठून सुचलं मला माहीत नाही. मी फक्त चहा पीत होतो.)

त्यानंतरच्या रविवारी चाचणी होती. आधीच्या चाचण्यांत इरा अकराशे मुलांत सहाशेव्या नंबराच्याही मागे असायची, ते तुला क्लासनं कळवलेलं आहेच. या वेळी तिनं पेपरवर नंबराचे गोळे बरोबर रंगवले, आणि वरच्या चौकटीत नाव लिहिलं अयलिन काटवटे. पेपर मशीन तपासतं, फोटो नंबरावरून निघतो, नाव मात्र चौकटीतलं बघून तिथल्या बाई टाइप करतात. निकाल लागला, नाव जिलानीकडे छापायला गेलं. मी त्याला विचारलं, अरे, तुझ्या सदफची मैत्रीण, नाव चुकलंय एवढं दिसलं नाही? तो दुखावला. म्हणाला, "मी नीट बघितलं की भाऊ. आयलिन मंजे घरातलं लाडाचं नाव आसंल म्हटलं. आन् काटवटे तर तुमचंच हाय. चूक कुठं हाय त्यात?"

झालं ते असं झालं. रघू, आता रागावू नकोस. आपण एल्फ नाही, सहाशे वर्षं अबोला धरण्याइतका वेळ आपल्याकडे नाही. पोरीला इथंच राहू दे. ती क्लासलाही जाईल आणि खेळही पुरा करेल. पुढं डॉक्टर व्हायचं की नाही ते तिला ठरवू दे. ती होऊ शकते एवढं तर चौकाला कळलंच आहे. हैदराबादला ती गेली तर तिथं वही काढून घेतील, आणि मग अयलिन पहिली यायची नाही आणि इराही यायची नाही.

सुनंदाला आशीर्वाद. तिला म्हणावं, इराचं वजन दोन किलो वाढलं आहे, काळजी नसावी.

तुझा,
दादा (माधवराव काटवटे)

ता. क. एक कबुली राहिली. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी इरा रडत होती. म्हणाली, काका, चौकटीत माझं नाव लिहिलं की बाबांचा चेहरा दिसतो आणि येणारी उत्तरंसुद्धा जातात. मी म्हटलं, मग तू पेपर देऊच नकोस, त्या एल्फ बाईला बसव, तिच्या बापाला निकालाचा एसएमएस येत नाही. तेव्हा डाव नव्हता असं जे वर लिहिलं आहे ते थोडं कमी करून वाच.

ता. क. दुसरी. खरं काम हे, ज्यासाठी एवढा कागद घालवला. रविवारी ये, पण पोरीला न्यायची बॅग आणू नकोस. ढिगाऱ्यातून निघालेली दादासाहेबांची काटवट तू नांदेडला नेली होतीस, ती आण. सदफला तिचं चित्र काढायचं आहे, त्या घराण्याची निशाणी म्हणून. मी इराला म्हटलं, त्यानं ती कधीच टाकून दिली असेल. ती म्हणाली, नाही काका, कपाटावर गोणपाटात आहे, बाबा दर तीस सप्टेंबरला दार लावून घेतात आणि तिला करडईचं तेल लावतात. हे ऐकल्यावर मी उठून अंगणात गेलो आणि बराच वेळ उगाच झाडांना पाणी घातलं. सत्तावीस वर्षं मी तुला चिडवलं, तू हे एकदा तरी सांगायचं होतंस.

ता. क. तिसरी. फ्लेक्स उतरवला हेही खरं नाही. मी उतरवायला गेलो होतो, पण जिलानी शिडी घेऊन आधीच वर चढला होता. त्यानं अयलिन झाकून पट्टी चिकटवली आणि शेवटी आणखी एक पट्टी जोडली. आता तिथं इरा काटवटे पळसोंडकर असं लिहिलं आहे. बसस्टँडवरून येताना डाव्या हाताला दिसेल. दादासाहेब असते तर त्याखाली खुर्ची टाकून बसले असते. या रविवारी आपण दोघं बसू.