वेफर्स मऊ कामून पडतात

८ जानेवारी
लातूरहून माल परत आला, आमच्याच खोक्यांत. शफीभाई फोनवर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाले, "भाभी, आठवड्यात मऊ पडून राहिले वेफर्स. गिऱ्हाईक पाकीट तोंडावर फेकून राहिलंय. एक लॉट अजून घेतो. तो बी मऊ निघाला तर माफ करा."
त्यांची दुकानं सुटली तर आमची केळी-वेफर्सची शेड बंद. दुसरं मोठं गिऱ्हाईक नाही. गल्लीतल्या बायका पुन्हा लोकांच्या मळ्यात केळीचे घड उचलायला जातील आणि मी पुन्हा चुलीपाशी. नाही जायचं मला.
एक पाकीट फोडून खाल्लं. वेफर दाताखाली मोडला नाही, वाकला. लाज वाटली.

९ जाने.
हे म्हणतात, शेवटी एक तपासणारी बाई बसव, खराब पाकिटं बाजूला काढ. दिवसभर मीच बसले. एकही खराब निघालं नाही. सील करताना माल कुरकुरीत, आठवड्यानं मऊ. मग शेवटी तपासून काय डोंबल कळणार? यांना सांगितलं तर म्हणाले, "मग शफीभाईच्या दुकानात ओल असंल." यांना सगळ्यांचा दोष दिसतो, फक्त अर्धापूरचा, आपल्या शेडचा दिसत नाही.

१० जाने., शनि.
लातूर, उद्योजक महिलांचा वर्ग. बसमध्ये चाकूरपर्यंत उभी. आजचा विषय नेमका माझाच: धंद्यात दर्जा सांभाळायच्या पद्धती. सरांनी फळ्यावर चार रकाने आखले.
एक: माल तयार झाल्यावर तपासा. दोन: नियम ठरवा, सगळं लिहून ठेवा, प्रमाणपत्र घ्या. तीन: चूक दिसली की 'का' विचारा, उत्तरावर पुन्हा 'का', पाचेक वेळा, मूळ सापडेपर्यंत. चार: जपानी कारखान्यात म्हणे चूक दिसली की साधा कामगार दोरी ओढतो आणि सगळं काम थांबतं. चूक कुणाचीही असो.
मी विचारलं, आमच्या शेडला यातली कोणती? "करून बघा आणि मला सांगा." छान. शिकवायचं त्यांनी, करून बघायचं आम्ही.
परतताना शफीभाईंच्या दुकानात. दोन नंबरचं सांगितलं. "सर्टिफिकेट लगाव भाभी दिवार कू, अच्छा दिखता. मगर गिऱ्हाईक कागद खात न्हाई."

१२ जाने.
तरी दोन नंबर केलाच. भिंतीवर तक्ता: तेल बदललं का, वेफर्स गार झाले का, सील बसलं का. संध्याकाळी सगळीकडे बरोबरच्या खुणा. नंतर कळलं, खुणा सकाळी कढई तापायच्या आधीच करून ठेवल्या होत्या. धाकटी जाऊ रेखा पाकिटं भरते, तिला विचारलं. "ताई, मागून हात तेलकट होत्यात. कागद खराब झाला आसता."
कागदाचा दर्जा उत्तम राहिला.

१३ जाने.
तीन नंबर. सगळ्यांना गोल बसवलं. सरांचं 'का', आमचं 'कामून'.
वेफर्स मऊ कामून पडतात? — पाकिटात वाफ धरते.
वाफ कामून? — गरमच भरतो.
गरम कामून? — पंखा बंद असतो.
पंखा कामून बंद?
रेखा पदराचं टोक पिळत बसली. शेवटी शेजारची मंदा हळूच बोलली, "आत्याबाई बंद करत्यात."
संपलं. यांची आई ती. कढईवर पाठमोरी बसलेली. पुढचा कामून विचारायची कुणाची छाती? माझीही झाली नाही. म्हणजे पंख्याचं सगळ्यांना ठाऊक होतं आणि एकीनंही तोंड उघडलं नव्हतं. भयंकर चिडले आहे, सगळ्यांवर आणि स्वतःवर.

१४ जाने., संक्रांत
चार नंबर. बैल विकले तेव्हा त्यांच्या गळ्यातली एक घंटी ठेवून घेतली होती, ती पाकिटांच्या टेबलावर टांगली. सांगितलं, गरम घाणा आला की वाजवा. काम थांबेल. घाणा कुणाचाही असो.
दिवसभर एक टण नाही. तिळगूळ वाटताना मंदा म्हणाली, "गोड बोलायचा दिस आजचा, आन् तू घंटी टांगली व्हय!" सगळ्या हसल्या. मीही हसले, करते काय.

१७ जाने., शनि.
सरांना सांगितलं, तुमची तिसरी पद्धत आमच्या सासूबाईंपाशी अडली. वर्ग खिदळला. सर हसले नाहीत. "नाव आलं की तुम्ही थांबलात. नाव म्हणजे उत्तर नव्हे. आता त्यांनाच विचारा, का."
लोहा येईपर्यंत बसमध्ये तेच डोक्यात. मान राखायचा म्हणून आम्ही त्यांना विचारत नाही, आणि न विचारताच मनातल्या मनात दोषी ठरवून मोकळ्या होतो. यात कसला आलाय मान.

१८ जाने.
चहा देताना विचारलं. "आत्या, पंखा कामून बंद करता?"
कप खाली ठेवला. "आता सुचलं व्हय इचारायचं? वारं लागलं की जाळ वाकडा होतो. तेल गार पडतं. मग वेफर नुसतं तेल पितो. बंद न करू तर काय करू? पंखा बी कुठं आणून ठिवलाय, माझ्याच तोंडावर!"
पंखा मीच ठेवला होता तिथे. बटण जवळ पडतं म्हणून.
पंखा आणि वेफर्स गार करायच्या पराती मागच्या खोलीत हलवल्या. तार ओढताना हे वेफर्सपेक्षा जास्त कुरकुरले, पण ओढली.

२२ जाने.
शफीभाईंचा लॉट. टेम्पो दारात, हॉर्नवर हॉर्न. शेवटचा घाणा आत्याबाईंनी मागे न नेता सरळ टेबलावर ओतला. "भरा गं पटापटा, गाडी थांबलीय." मी बघितलं आणि गप्प बसले. म्हटलं एकच घाणा, काय होतंय.
टण.
रेखा. मान खाली, हात घंटीवर.
"कुणी वाजवली?"
"मी. गरम हायत, आत्या."
टेम्पोवाला हॉर्न विसरला. आत्याबाईंनी वेफर्सवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून राहिल्या. मग परातीत सगळं गोळा करून मागे घेऊन गेल्या.
लॉट थोडा कमी गेला. शफीभाईंना फोन करून खरं कारण सांगितलं. "चलेगा भाभी. पाकिटं तशीच ठेवतो. ३१ ला वर्गाला याल तवा तुमच्यासमोर फोडतो."
रेखा मोरीत रडत होती. जवळ घेतलं तिला. माझेही डोळे भरले. घंटी मी वाजवायला हवी होती.

२५ जाने.
आत्याबाई अजून रेखाशी बोलत नाहीत. "तिला सांग" एवढंच, माझ्यामार्फत. हे म्हणतात घंटी काढ, घर फुटेल. काढणार नाही. इतके दिवस गोड बोलून वेफर्सच मऊ पाडले ना आपण?

२९ जाने.
शेडमध्ये आले तर घंटी जागेवर नाही. नुसता खिळा. रेखानं डोळ्यांनीच कढईकडे दाखवलं. कढईशेजारच्या खुंटीला, आत्याबाईंच्या हाताशी, सुतळीनं बांधलेली.
"आत्या, ही इथं?"
"मला बी लागती. केळी जाड कापून देत्यात ह्या, मी कुणाला सांगू? लेकीसुना हायत म्हणून गप बसू व्हय?" मग रेखाकडे न बघताच, "तिच्यासाठी दुसरी आण. मोठ्या आवाजाची."
रेखा पाकिटांत तोंड घालून हसली.

३० जाने.
उद्या लातूर. त्याच लॉटचं एक पाकीट माझ्याकडेही आहे. सकाळपासून दोनदा हातात घेतलं, फोडलं नाही. जे निघेल ते शफीभाईंसमोर. मऊ निघालं तर पुन्हा पहिल्या कामूनपासून सुरुवात करीन, नांदेडची दुकानं पालथी घालीन, पण शेडला कुलूप नाही लावणार.
सर विचारतील कोणती पद्धत चालली. काय सांगू? चौथी चालली, पण ती चालायला रेखा लागली.
जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, आत्या अजून कढईवरच. मंदा आज आली नाही म्हणून केळी मीच कापली. उद्याच्या विचारात हात जरा भराभर चालला, दोन घड बहुतेक थोडे जाडच
टण.
कढईकडून. आणि पुन्हा, जोरात.