दुपारची लेक

४ जानेवारी
गारखेड्यातल्या भाड्याच्या घरात आज पहिला दिवस. दोन खोल्या, हॉल आणि गॅलरीत भरपूर ऊन. पुण्यात एवढ्या पैशांत नुसती कॉट मिळायची! कंपनीनं कायम घरून काम करायची मुभा दिली आणि मी आधी गावी पाचोडला जाऊन आईला घेऊन आले. नाना गेल्यापासून बिचारी एकटीच होती. संध्याकाळी तिनं येसराची आमटी केली. सारखी म्हणत होती, आता माझी लेक संस्कृती दिवसभर डोळ्यांसमोर.

९ जानेवारी
मागच्या खोलीचं ऑफिस केलं. बसचे धक्के नाहीत, डबा नाही. पण सकाळी दार लावते ते दिवे लागतानाच उघडते. मीटिंगमागून मीटिंग. आईला बजावलंय, दार वाजवायचं नाही. एका घरात राहून तोंड दिसत नाही. तरी ती खुशीत दिसते.

१५ जानेवारी
आठवड्यानं नळाला पाणी आलं, मी नेमकी मीटिंगमध्ये अडकलेली. बाहेर येऊन बघते तर पिंप, हंडे, सगळं काठोकाठ. एकटीनं कशाला उचललंस म्हणून आईवर चिडले. ती हसली.
"एकटीनं कुठं? तूच तर भरू लागलीस की."
वय झालंय तिचं.

२१ जानेवारी
आईची घट्ट वेणी घातलेली. मीच घातली म्हणे. रोज दुपारी म्हणे मी तिचे पाय चेपते, नानांच्या गोष्टी काढते. खालच्या भागूबाईंनीही आज दुपारी मला गॅलरीत तुरीच्या शेंगा सोलताना पाहिलं. तेव्हा मी मीटिंगमध्ये बोलत होते. दार बंद होतं.

२४ जानेवारी
भर मीटिंगमध्ये हॉलमधून हसणं ऐकू आलं. आईचं. आणि माझं.
धावत गेले. आई एकटीच. समोर चहाचे दोन कप, दोन्ही गरम.

२८ जानेवारी
रजा टाकली. आईला बिलगून बसले. ती अवघडली, हात सोडवून घेतला. मग हळूच विचारलं, "तू खोलीतली व्हय?"
मला रडू फुटलं. ती भिंतीकडं सरकली.

३० जानेवारी
नोकरी सोडते म्हटलं, उद्याच पाचोडला जाऊ.
आई म्हणाली, "संस्कृतीला इचारून सांगते."
मीच ना गं — मीच —

३१ जानेवारी
रात्री याच ऑफिसच्या खोलीत डोळा लागला. दार बाहेरून लावलंय. फोन हॉलमध्ये. नेट बंद. ठोकून ठोकून हात सुजले —

बाहेर पिशव्या भरतायत —

आई दाराशी आली. श्वास ऐकू येतोय तिचा. "अगं, आत कोन वरडतंय?"

माझाच आवाज. शांत. "कुनी नाय आई. चल, जीप थांबलीय."

चपला — आई, तिच्यासंगं जाऊ नको, मी हितं हाय, आई, ती