बोर्डाच्या कोपऱ्यातलं नाव

लोणखेडा,
५ जानेवारी २०२६

चि. जागृतीस,

अनेक आशीर्वाद. ते रिवाज म्हणून. बाकीचं पत्र रागाने लिहितोय.

व्हॉट्सअॅपवर तू मला ब्लॉक केलंस, फोन कापतेस, म्हणून पोस्टाचं पाकीट आणावं लागलं. परवाच्या पेपरात तुझा फोटो आणि तुझ्या डिझाइनच्या धंद्याचा, तुझ्याच नावाचा लोगो छापून आलाय. नाशिकला बसून म्हणे तू स्वतःची अक्षरं घडवलीस! अगं, कुणाला सांगतेस? ते ‘ज’चं फुगलेलं पोट, तो ‘त’चा मागे वळलेला पाय, ती टोकाला वर उचललेली शिरोरेघ, हे सगळं धानोऱ्याच्या किराणा दुकानापासून ब्राह्मणपुरीच्या गिरणीपर्यंत माझ्या बोर्डांवर आहे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात उमाकांत आर्ट्स असं लिहिलंय. येऊन बघ, की नाशिकच्या हवेत डोळेही गेले?

रंगसुद्धा सोडला नाहीस. तो लाल माझा आहे. डब्यातल्या लालमध्ये चमचाभर काळा घातल्याशिवाय तो येत नाही. त्याला तू नाव काय दिलंस, तर नंदुरबारी मिरची. आणि शेजारी पपई पिवळा. हसावं की रडावं!

फ्लेक्सवाल्यांनी माझा धंदा खाल्ला, पण ते परके होते. तू तर घरची. ब्रश वाळून पडलेत माझे, उरलंय ते हे वळण तेवढं. तेही तुला हवं झालं? २६ तारखेला इथल्या कॉलेजात तुझा सत्कार आहे. त्याआधी लोगो काढून टाक, नाहीतर भर मांडवात उभा राहून सांगेन की ही पोरगी चोर आहे. मी बोललो ते करतो, हे तुझा बाप असता तर त्यानेच तुला सांगितलं असतं.

तुझी आई बरी आहे. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला काय कळतंय त्यातलं.

माया उरली असेल तर ती लोगो काढून दाखव.

तुझा काका,
उमाकांत


नाशिक,
१० जानेवारी २०२६

ती. उमाकांतकाकांस,

सा. न. वि. वि. शिरसाष्टांग लिहायला हात वळला नाही. माफ करा किंवा करू नका.

तुमचं पत्र याच पाकिटातून परत पाठवतेय. असलं काही मला घरात ठेवायचं नाही.

आता चोर कोण ते बघू. पत्र्याचा बोर्ड अंगणात बाजेवर आडवा टाकून त्यावर खडूने अक्षरं कोण काढायचं? आई. तेही सकाळभर मिरच्या वाळवायच्या पथारीवर देठ खुडून, हातांची आग होत असताना. तुम्ही गिऱ्हाइकाचं नाव चिठ्ठीवर लिहून तिच्यापुढे टाकायचात. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, ती ते नुसतं बघून काढायची, म्हणूनच तिचं वळण कुणासारखं नाही. तुम्ही पेंटर लोक आधी रेघ ओढता आणि खाली अक्षरं टांगता. ती आधी अक्षरं काढायची आणि रेघ शेवटी, रांगोळीची शेवटची रेघ ओढावी तशी झटक्यात, म्हणून टोक उचललं जायचं. तुम्ही चहा पिऊन आत रंग भरायचात आणि कोपऱ्यात ऐटीत स्वतःचं नाव. बाबा गेल्यावर आईने तुमचं काम सोडलं. त्यानंतरचे तुमचे बोर्ड बघा, रेघ फूटपट्टीसारखी सरळ. म्हणे माझं वळण!

लाल रंगाचंही तेच. हे टमाटं झालं, आठ दिवस उन्हात पडलेली मिरची बघा आणि काळा घाला, असं आईच तुम्हाला सांगायची. मी तिथेच बसलेली असायचे. ब्रश मागितला की पोरींचं काम नाही म्हणून तुम्ही हाकलायचात. आईचं मात्र चालायचं, कारण ते कुणाला दिसत नव्हतं.

लोगो मी काढणार नाही. ती माझ्या आईची अक्षरं आहेत, म्हणजे माझीच आहेत. मांडवात खुशाल उभे राहा, माईक मी स्वतः आणून देईन.

वडीलकी शिल्लक असेल तर आईला त्रास देऊ नका, एवढंच मागणं.

पुतणी,
जागृती


लोणखेडा,
१६ जानेवारी २०२६

चि. जागृतीस आणि उमाकांतभाऊजींस,

अनेक आशीर्वाद, दोघांनाही, कारण दोघांपेक्षा मी मोठी आहे.

लिहितेय शेजारची सोनम. मी अहिराणीत बोलते, ती शाळेच्या मराठीत उतरवते. याच्या दोन प्रती केल्यात. एक पोस्टाने जाईल, एक भाऊजींच्या ओट्यावर.

भाऊजींच्या दाराला कुलूप होतं, म्हणून पोस्टमनने पाकीट माझ्या हातात दिलं. माझं नव्हतं, तरी उघडलं. सोनमने दोन्ही पत्रं दोनदा वाचून दाखवली. भाऊजी, मला काय कळतंय, खरंच आहे. पंधरा वर्षं बोर्डाच्या कोपऱ्यात काय लिहिता म्हणून विचारलं, तर दुकानाचा पत्ता म्हणून सांगत आलात. ते तुमचं नाव होतं हे मला या पत्रांतून कळलं. लाज कशी वाटली नाही हो?

जागृती, तू हसू नकोस. काकाशी भांडायला माझ्यावर पानभर लिहिलंस. त्या पेपरात माझं नाव कुठे आहे ते सोनमला शोधायला लावलं. कुठेच नाही. दिवाळीत माझ्याकडून फरशीवर खडूने तुझं नाव काढून घेतलंस, मोबाइलवर फोटो काढलास. कशाला म्हणून विचारलं तर सहज म्हणालीस. आता म्हणतेस, आईचं ते माझंच. काकालाही तसंच वाटत होतं. त्याने पंधरा वर्षं घेतलं, तू एका सकाळी.

पण तो हात मन्हा शे. हे वाक्य सोनमने ‘माझा आहे’ असं बदललं होतं, मी परत तसंच लिहायला लावलं.

गिरणीवाल्याचं, सरपंचाचं, मेलेल्या माणसांचंसुद्धा, शेकडो नावं काढली मी. माझं नाव कसं दिसतं ते तुम्हा दोघांपैकी एकानेही कधी लिहून दाखवलं नाही. शेवटी सोनमकडून चिठ्ठीवर लिहून घेतलं. पाच अक्षरं आहेत. त्यातल्या मेल्या ‘ळ’ने दोन दिवस खाल्ले. काल दारावर पाटी ठोकली, तुझ्या बापाच्या पाटीच्या वर. भाऊजी, लाल रंग तुमच्या डब्यातला घेतला. विचारलं नाही.

मांडवात काय भांडायचं ते भांडा, मी येणार नाही. माझ्या दाराशी यायचं असेल तर आधी पाटी मोठ्याने वाचायची, मगच आत पाऊल टाकायचं. लोभ ठेवायचा की नाही ते त्यानंतर बघेन.

पाटी नीट बघा. अक्षरं काठापासून काठापर्यंत आहेत. कोपऱ्यात दुसरं कुणाचं नाव मावेल एवढी जागा मी ठेवलेली नाही.

तुळशीबाई